बोटावरचा तंगूस

महेंद्र ओव्हाळला कारखान्यात ‘बोट’ म्हणत. ‘बोटाला दाखवून घे’, ‘बोट आज सुट्टीवर हाय का’, असं पोरं त्याच्या तोंडावर बोलत आणि त्याला त्यात वाईट वाटत नसे. उलट चहाच्या सुट्टीत कुणी नवीन माणूस विचारू लागला की तो स्वतःच उजव्या हाताची तर्जनी पुढं करून दाखवायचा. दिसायला साधंच बोट. नख तेवढं नीट कापलेलं.

शिक्रापूर चौकातून आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या त्या कारखान्यात मोटारसायकलच्या ब्रेकचे पिस्टन तयार होतात. हँडलवरची ब्रेकची दांडी दाबली की आत करंगळीएवढा पिस्टन सरकतो आणि तेल पुढं ढकलतो. पिस्टनला खाचा असतात आणि खाचांत रबरी रिंगा बसतात. मशिनवर खाच कापताना टूल घासत आलं असेल, तर काठावर धातूचा केसाहून बारीक कंगोरा राहतो. कारखान्यात त्याला बर म्हणतात. ही बर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि मापाच्या गेजवरही येत नाही. पण ती रबर कापत राहते. मग तेल झिरपू लागतं आणि एखाद्या दिवशी दांडी दाबली तर ती नुसतीच मऊ आत जाते.

ही बर महेंद्रच्या तर्जनीला कळायची. पिस्टन बोटाच्या पेरावर टेकवायचा, एक गिरकी द्यायची आणि वर रंगाचा ठिपका टाकायचा. प्रत्येक तपासणाऱ्याचा रंग वेगळा. महेंद्रचा निळा. त्याआधी कित्येक वर्षं तो ग्राइंडिंगला होता. हवेवर चालणारा ग्राइंडर दिवसभर दोन्ही हातांत धरून कास्टिंग घासायची. संध्याकाळी घरी आल्यावरही हात थरथरत असायचे. तिथून एका जुन्या साहेबांनी त्याचं बोट ओळखून त्याला तपासणीच्या टेबलावर आणलं. कंत्राटावरचा माणूस कायम झाला तो त्या बोटामुळं.

रविवारी तेच बोट खाणीवर जायचं.

कोरेगाव भीमाच्या बाहेर, हायवेपासून बरंच आत, कोंडिबा आबांच्या रानाला लागून एक बंद पडलेली दगडखाण आहे. क्रशर गेल्यावर तिच्यात झऱ्याचं पाणी साठलं. आबांच्या दौंडच्या जावयानं एकदा ड्रमातून रोहूची पिल्लं आणून सोडली, चिलापी आपोआप आली. नदीचं पाणी तिथं येत नाही, तिचा गाळ येत नाही. दिवाळीनंतर पाणी असं निवळतं की काठावरून खालचे कापलेले टप्पे पायऱ्यांसारखे दिसतात. अशा पाण्यात जाड दोरी चालत नाही. मासा ती बघतो आणि वळतो. महेंद्र दुकानात मिळेल तो सगळ्यात बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, आणायचा, उन्हात धरला तरच दिसेल असा. त्याला छोटा गळ, मुगाएवढं शिसं, शेंगदाण्याच्या पेंडीत मळलेली कणकेची गोळी. पाण्यावर थर्माकोल सोडायचा नाही, कारण थर्माकोल हलेपर्यंत मासा निघून गेलेला असतो. रोहू गोळी गपकन गिळत नाही. तो ती पाण्याबरोबर तोंडात ओढतो आणि पटली नाही तर श्वासासरशी बाहेर टाकतो. एवढ्यात बोटावरून घेतलेला तंगूस जरासा जड होतो. झटका द्यायचा तो तेव्हाच.

कोंडिबा आबांचं सगळं उलटं होतं. बांबूची काठी, जाड दोरी आणि लिंबाएवढा थर्माकोलचा गोळा घेऊन ते वरच्या दगडावर बसत आणि महेंद्रकडं बघून विचारत, “महिंदर, तू मासं धरतूस का नाडी बघतूस?” संध्याकाळी महेंद्रच्या पिशवीत मासे असत आणि आबांच्या पिशवीत तंबाखू. तरी त्यांनी थर्माकोल सोडला नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर पाणी निवळलं आणि पहिल्याच रविवारी महेंद्रचा गळ रिकामा वर आला. गोळी गेलेली, बोटाला काही कळलेलं नाही. त्यानं पुन्हा गोळी लावली. पुन्हा गळ रिकामा. चिलापीची बारकी पिल्लं कुरतडत असतील, असं तो म्हणाला. आबांनाही ते पटलं. पुढच्या रविवारी त्यानं गोळी घट्ट मळली, त्याच्या पुढच्या रविवारी गळ आणखी बारीक केला. मासे मिळत होते, पण पूर्वीसारखे नाही. झटका देण्याआधीच मासा स्वतः अडकलेला असायचा.

थंडी वाढली तसं कारण आपोआप मिळालं. थंड पाण्यात रोहू खाली जाऊन पडून राहतो, तोंड उघडायचाही आळस करतो. चावा असा हलका की चांगल्या माणसाला कळू नये. महेंद्र हे आबांना समजावून सांगायचा आणि स्वतःच्याच आवाजाकडं कान देऊन असायचा. सकाळी मोटारसायकलवरून खाणीपर्यंत गेलं की तर्जनीचं टोक पांढरंफटक पडलेलं असे, मेणबत्तीसारखं. काखेत धरून ठेवलं की रंग परत यायचा. रंग आला म्हणजे बोट परत आलं, असं तो धरून चालला.

बर रोज येत नाही, ही खरी अडचण होती. टूल नवीन असलं की दिवसच्या दिवस माल स्वच्छ येतो. त्यामुळं टेबलावर बसल्यावर बोटाला काही लागलं नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हे महेंद्रला कळेना. माल चांगला आहे, की बोटाला कळत नाही? तो पिस्टनला एकाच्या जागी दोन गिरक्या देऊ लागला. मग निळा ठिपका टाकताना हात क्षणभर हवेत थांबू लागला.

जानेवारीतल्या मीटिंगमध्ये क्वालिटीचे इंजिनिअर सत्यजीत सर उभे राहिले आणि त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. महेंद्रच्या टेबलावरचा रिजेक्ट माल घटला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मशिनवाल्यांचं कौतुक केलं, महेंद्रचंही केलं, आणि पेढे वाटले. महेंद्रनं पेढा हातात घेतला आणि खिशात ठेवून दिला. संध्याकाळी शालननं, त्याच्या बायकोनं, शर्ट धुवायला काढला तेव्हा खिसा तुपानं चिकट झाला होता.

त्या दिवसापासून हायवेवरून घरी येणं त्याला अवघड झालं. सुट्टीच्या वेळी शिक्रापूरच्या चौकात ट्रकच्या मागं मोटारसायकलींची ही गर्दी. सिग्नलला सगळे एकदम ब्रेक दाबतात. महेंद्र समोरच्याच्या हँडलवरची बोटं बघत बसायचा. दांडी किती आत गेली, गाडी कुठं थांबली. एखादा थोडा पुढं जाऊन थांबला की हा स्वतःच्या ब्रेकची दांडी दाबून धरायचा. शालनचा भाऊ त्यांचेच पिस्टन बसलेली गाडी चालवतो. एकदा तो घरी आला तेव्हा महेंद्रनं अंगणात जाऊन त्याच्या ब्रेकची दांडी परत परत दाबून बघितली. मेव्हण्याला वाटलं, दाजींना गाडी घ्यायची आहे.

सांगावं कुणाला, हा प्रश्न नव्हता. सांगायचं काय, हा होता. बोट दुखत नव्हतं, सुजलं नव्हतं. ग्राहकाकडून तक्रार आली नव्हती. आणि बोटच नसेल, तर टेबलावर बसलेल्या महेंद्रचं करायचं काय? परत ग्राइंडर?

एके दिवशी ज्वारीची कणसं खुडून आलेल्या शालनच्या तळहातात कुसळ गेलं. घरात कुसळ, काटा, कुणाला काही टोचलं की महेंद्रनं बोट फिरवून जागा दाखवायची, ही जुनी रीत. लेकीच्या पायातला बाभळीचा काटा त्यानं असाच डोळे मिटून शोधला होता. त्यानं शालनचा तळहात धरला आणि बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग म्हणाला, निघालंय ते, आता नुसतं ठणकतंय. शालननं हात उजेडात नेला, डाव्या हाताच्या नखांनी कुसळ उपटलं आणि त्याच्यासमोर फरशीवर ठेवलं.

“चष्मा करून घ्या,” एवढंच ती म्हणाली.

पण चष्म्याचं हे काम नव्हतं, हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यातून पॉलिशपेपरचा तुकडा खिशात घालून आणला. आयुष्यभर धातू घासलेल्या माणसाला जे सुचावं तेच त्याला सुचलं. बोटावर वर्षानुवर्षं कातडी जमली असणार, ती उतरवली की खालचं ताजं बोट लागेल. तो अंगणात नळापाशी बसला आणि पेपर ओला करून, पिस्टनला फिनिश द्यावं तसं, एका दिशेनं हलक्या हातानं तर्जनीचं पेर घासू लागला. शालन भांडी घासायला आली. तिनं पाहिलं.

“अहो, बोट हाय ते. भांडं न्हाई.”

तो थांबला नाही. पेर गुलाबी झालं, मग लाल झालं, मग चरचरायला लागलं. आणि त्याला आनंद झाला. कळत होतं. वारासुद्धा कळत होता.

पुढचे काही दिवस त्याला प्रत्येक पिस्टनवर बर लागली. त्यानं लाल डब्यात माल टाकायला सुरुवात केली. संध्याकाळी मशिनवरचा इंद्रजीत डबा घेऊन टेबलावर आला. टूल सकाळीच बदललंय, खाच काचेसारखी आहे, मग हे कशाला टाकलं, असं त्यानं विचारलं. शेजारच्या टेबलावरच्या नकुशीनं त्यातले पिस्टन हातात घेऊन फिरवले. ती कंत्राटावरची होती, महेंद्रनंच तिला हे काम शिकवलं होतं. तिचा ठिपका पिवळा. तिनं मान खाली घालून सांगितलं, “दादा, मला तर काय लागना.” महेंद्रनं डबा परत घेतला आणि त्यातल्या मालावर निळे ठिपके टाकले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की चरचर बोटाची आहे, पिस्टनची नाही. थोड्या दिवसांनी बोटावर खपली धरली, मग नवी कातडी आली. नवी कातडी जुनीसारखीच मुकी निघाली.

तरीही तो बोलला नाही. उन्हाळ्याची वाट बघायची, असं त्यानं ठरवलं. ऊन तापलं की बोट पांढरं पडणार नाही. पाणी तापलं की रोहू वर येईल, भूक लागलेला असेल, जोरात खाईल. तेव्हा खरं काय ते कळेल.

चैत्रात खाणीचं पाणी बरंच उतरलं. एरवी खोल असणारा एक टप्पा वर आला. क्रशरची भुकटी बसून तो पांढुरका झाला होता, त्यावर जेमतेम कंबरभर पाणी. सकाळचं ऊन सरळ आत जात होतं. महेंद्र काठावर उकिडवा बसला, गोळी टप्प्यावर सोडली आणि तंगूस बोटावर घेतला. पांढऱ्या तळावर ती गोळी ठळक दिसत होती. मागं वरच्या दगडावर आबा बसले होते.

टप्प्याच्या काळ्या कडेवरून एक रोहू वर आला. चांगला हातभर. शेपटी हलवत तो गोळीपाशी आला, जरा थांबला. महेंद्रनं श्वास धरला. माशानं तोंड पुढं काढलं आणि गोळी तळावरून नाहीशी झाली. पाण्यालगत तंगूस सैल होता, तो हळूच सरळ झाला. हे सगळं त्यानं डोळ्यांनी बघितलं. बोटावर काहीच आलं नाही. बोट त्या सगळ्यात नव्हतंच. माशानं गोळी बाहेर फेकली, ती तळावर पडली, थोडी पांढरी भुकटी उडाली. माशानं ती परत घेतली, परत फेकली. महेंद्र बसल्या जागी दगड झाला होता.

“घेतली की त्यानं,” आबा वरून म्हणाले. “झोपलास का रं?”

महेंद्र वळला नाही. आबा काठीचा आधार घेत खाली उतरले आणि त्याच्या शेजारी बसले. तो रोहू अजून तिथंच फिरत होता.

“दिसत व्हता ना तुला?”

“दिसत होता.”

“मग?”

“बोटाला कळलं न्हाई, आबा.” आणि मग, तंगूस बोटावर गुंडाळत, “दिवाळीपासनं कळत न्हाई.”

आबांनी त्याचा हात हातात घेतला, बोट उलटसुलट करून बघितलं. नांगराच्या मुठीनं स्वतःची बोटं कधीच गेली आहेत, कढत चहाचा पेला धरला तरी पोळत नाही, असं ते सांगू लागले. म्हातारपणी व्हायचंच. बरं झालं की उलट, म्हणाले, काटं टोचत न्हाईत. मग त्यांना काहीतरी आठवलं.

“तू कारखान्यात बोटानंच बघतूस न्हवं?”

महेंद्रनं मान डोलावली. खाणीच्या पलीकडून, झाडांमागून, हायवेचा आवाज येत होता. त्या दिवशी महेंद्रनं गळ परत पाण्यात टाकला नाही.

सोमवारी तो टेबलावर बसायच्या आधी सत्यजीत सरांच्या केबिनमध्ये गेला आणि मास्टरची पेटी मागितली. मास्टर म्हणजे मुद्दाम जपून ठेवलेले बर असलेले पिस्टन. नव्या माणसाला शिकवताना तेच वापरतात. सरांना वाटलं, कुणाला शिकवायचंय. महेंद्र म्हणाला, मला शिकवा. त्यात चांगले मिसळा आणि एक एक हातात द्या. त्यानं खिशातला रुमाल काढून डोळ्यांना बांधला. सर हसले, मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी पिस्टन द्यायला सुरुवात केली. महेंद्र प्रत्येकाला गिरकी द्यायचा आणि ‘चांगला’ म्हणायचा. चांगला. चांगला. चांगला. सरांचा हात थांबला तेव्हा त्यानं रुमाल सोडला. टेबलावर ‘चांगल्या’त सगळे मास्टर पडले होते.

“कधीपासून?” सरांनी विचारलं.

“सर, आधी मालाची गाडी थांबवा. भरायला लागलेत. निळा ठिपका असलेलं एक खोकंबी जाऊ देऊ नका.”

सत्यजीत वयानं लहान होता, त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसायचं. गाडी थांबवली तर वरून फोन येणार, जानेवारीतल्या आलेखाचं काय सांगायचं, पेढे कुणी वाटले होते. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून जाताना महेंद्रनं बघितलं. मग सत्यजीत उठला आणि जवळजवळ पळतच डिस्पॅचकडं गेला.

दुपारपर्यंत खोकी परत आत आली. पिवळ्या, हिरव्या ठिपक्यांची माणसं टेबलांवर बसली. महेंद्रला कुणी जा म्हणालं नाही, बसही म्हणालं नाही. म्हणून तो खोकी फोडू लागला आणि निळ्या ठिपक्याचे ट्रे नकुशीच्या पुढ्यात ठेवू लागला. ती एक एक उचलून गिरकी देत होती. चांगला निघाला की बाजूला ठेवायची आणि तेवढ्यापुरता महेंद्रचा श्वास सुटायचा. पुढचा उचलला की परत अडकायचा. ट्रेमागून ट्रे गेले. काहीच सापडू नये असं त्याला वाटत होतं. आणि काहीच सापडलं नाही, तर आपण वेडेच ठरणार, असंही वाटत होतं.

मग नकुशीचं बोट थांबलं. तिनं तो पिस्टन उलटा फिरवला, परत सुलटा फिरवला. महेंद्रकडं न बघताच म्हणाली, “हाय, दादा.”

त्यानं तो हातात घेतला. निळा ठिपका नीट, गोल, त्याच्याच हातचा. सवयीनं तर्जनी खाचेवर गेली. गुळगुळीत. त्यानं तो लाल डब्यात ठेवला आणि पुढचा ट्रे सरकवला. त्या दिवशी असे आणखी निघाले. जवळजवळ सगळे, टूल बदलायच्या आधीच्या मालातले. आदल्या महिन्यांत जे गेलं होतं त्याबद्दल सरांनी ग्राहकाला कळवलं. तिकडच्या गोदामात होता तेवढा माल बाजूला काढला गेला आणि खोकी परत आली. जो गाड्यांमध्ये बसला होता तो बदलायला हळूहळू गाड्या बोलावू लागले. सगळ्या आल्या का, हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. महेंद्रनं सरांना इतक्यांदा विचारलं की ते त्याला बघताच आधी मान हलवायचे, अजून काही नाही म्हणून.

पुण्याच्या डॉक्टरांनी मनगटावर सुया लावून तपासणी केली. ग्राइंडरच्या थरथरीनं नस गेली असावी, थोडी सुधारेल किंवा नाही, असं ते म्हणाले. शालननं विचारलं, पॉलिशपेपरनं काय बिघडलं का? डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. महेंद्रनं तो परत विचारू दिला नाही.

त्याला आता गेजचं काम दिलंय, काटा बघून आकडा वाचायचं. टेबल नकुशीच्या समोरच आहे. तिचं बोट एखाद्या पिस्टनवर थांबलं की तो वर बघतो, ते पुढं गेलं की खाली. ‘बोट’ म्हणणं पोरांनी आपणहून बंद केलं. ते त्याला जास्त लागलं.

पावसाळ्यात रानातून वाहून आलेल्या मातीनं खाणीचं पाणी तांबडं झालं, तळ गेला, टप्पे गेले. अशा पाण्यात महेंद्र कधी गळ टाकत नसे. त्या रविवारी मात्र तो गेला. सरांचा फोन येईल म्हणून मोबाईल शर्टाच्या खिशात होता, आणि येताना चौकातून नेहमीसारखाच सगळ्यांच्या हँडलांकडं बघत आला होता. आबांनी त्याचा गळ हातात घेतला, बारीक तंगुसाकडं बघून मान हलवली आणि आपल्या पिशवीतला थर्माकोलचा गोळा काढून त्यावर बांधून दिला.

“आता ह्याच्याकडं बघ,” ते म्हणाले. “बाकी काय करू नगं.”

गोळा तांबड्या पाण्यावर हलत उभा राहिला. महेंद्र त्याच्यावरून नजर न हलवता बसला. तंगूस मात्र त्यानं बोटावरूनच घेतला होता.